बुखारेस्टमध्ये स्वस्तात जेवायचं तर दुपार चुकवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 22 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर तुम्ही आणि आई बुखारेस्टमध्ये आहात. जेवणाखाण्यासाठी माणशी रोज 100 लेई (रोमानियाचं चलन; एकवचन लेऊ) बाजूला काढलेत. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाहीत. तुम्हाला चिकन-मटण चालतं, बीफ नाही. पर्यटकांसाठी थाटलेल्या हॉटेलांत जायचं नाही, तिथली माणसं जेवतात तिथे जेवायचं, म्हणून स्वस्त हॉटेलांची नावं हवी आहेत.

मी मूळचा साताऱ्याचा. गेली आठ वर्षं बुखारेस्टमध्ये स्वयंपाकी आहे. पहिली तीन वर्षं जुन्या शहरातल्या, म्हणजे पर्यटकांच्या भागातल्या, एका हॉटेलात होतो, आता ऑफिसांच्या भागातल्या एका छोट्या किचनमध्ये दुपारचं जेवण माझ्याकडे असतं. दोन्ही बाजू आतून बघितल्यात, म्हणून नावांची यादी न देता थोडं खोलात सांगतो. हॉटेलं मालक बदलतात, आचारी बदलतात, वर्षभरात भाव कुठल्या कुठे जातात. बदलत नाही ती इथल्या लोकांची जेवायची वेळ आणि सवय. तुम्हाला खरं हवंय ते हेच: कुठल्या वेळी कुठल्या प्रकारच्या ठिकाणी शिरायचं. ते एकदा कळलं की अनोळखी गल्लीतसुद्धा तुम्ही स्वतः जागा शोधाल.

आधी पैशाचं बोलू. एक लेऊ म्हणजे साधारण 20 रुपये आणि एका युरोला 5 लेईच्या आसपास. रोमानिया 2007 पासून युरोपीय संघात असला तरी चलन स्वतःचंच आहे. माणशी 100 लेई पुरतात, पण कशावर खर्च करता त्यावर ते अवलंबून आहे. रात्री जुन्या शहरात बसून जेवलात तर एका जेवणातच संपतील. दुपारी पोटभर आणि रात्री हलकं जेवलात तर रोज थोडे उरतीलही.

असं का, ते किचनच्या बाजूने सांगतो. कामाच्या दिवशी बाराच्या सुमाराला शहरभर दारांबाहेर खडूने लिहिलेल्या पाट्या लागतात: ‘मेनिउल झिलेई’, म्हणजे आजचं जेवण. एक सूप, एक मुख्य पदार्थ आणि त्याच्या जोडीला भात, बटाटे किंवा कोबी. कधी पाव आणि छोटं गोडही असतं. सध्या बहुतेक ठिकाणी हे 35 ते 45 लेईत मिळतं. आम्ही सकाळी सातला सूपचं मोठं पातेलं चढवतो, दोनच मुख्य पदार्थ करतो आणि बारा ते तीनमध्ये एकेक टेबल तीनदा भरतं. ताट चार मिनिटांत बाहेर जातं, काही वाया जात नाही, म्हणून भाव परवडतो. त्याच किचनमध्ये, त्याच चिकनचा तुकडा संध्याकाळी मेनूकार्डावरून मागवला की तो एकट्यासाठी तव्यावर पडतो. मग तुम्ही त्या चिकनचे, माझ्या वेळेचे आणि रिकाम्या टेबलाचे असे सगळे पैसे भरता.

त्या 35 ते 45 या आकड्यामागेही कारण आहे. इथल्या बऱ्याच नोकरदारांना पगाराबरोबर कामाच्या प्रत्येक दिवसामागे ‘तिकेत दे मासा’, म्हणजे जेवणाचं कुपन मिळतं. आता ते कार्डावर जमा होतं. 2024 मध्ये त्याची कमाल रक्कम 40 लेईच्या घरात होती. दुपारचा भाव ठरवताना आमच्यासारखी किचनं त्या आकड्यावर नजर ठेवूनच असतात. त्यापेक्षा फार वर गेलं तर ऑफिसातली माणसं डबा आणायला लागतात. तुमच्यासाठी याचा उपयोग एवढाच की दारावर ही जेवणाची कार्डं चालतात असं स्टिकर दिसलं आणि आत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं दिसली, तर बिनधास्त शिरा. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर पियात्सा व्हिक्टोरिएई, पियात्सा रोमाना, युनिव्हर्सिताते ही स्टेशनं आहेत, आणि उत्तरेकडे ऑरेल व्लाइकू व पिपेरा हा ऑफिसांचा पट्टा आहे. यांपैकी कुठेही उतरून मुख्य रस्ता सोडा आणि दोन गल्ल्या आत चाला. पाट्या दिसतीलच. एक वाजता गर्दी असते, त्यामुळे सव्वाबाराला पोहोचा. अडीचनंतर चांगलं ते संपलेलं असतं.

दुसरा प्रकार माझ्या मते आईंसाठी आणखी बरा. त्याला इथे ‘इम्पिंजे तावा’ म्हणतात. शब्दशः अर्थ ट्रे ढकल. ट्रे घ्यायचा, काउंटरच्या कडेने सरकवत जायचा, हवं ते बोटाने दाखवायचं, शेवटी पैसे भरायचे. भाषा लागत नाही आणि पदार्थ डोळ्यांसमोर असतो. पाटीवर ‘आउतोसेर्विरे’ किंवा ‘कांतिना’ असंही लिहिलेलं असतं. विद्यापीठांजवळ अशा खाणावळी हमखास सापडतात. ग्रोझावेश्त मेट्रोजवळच्या रेजिये या विद्यार्थी वसाहतीच्या आसपासही बघा. इथे आचाऱ्याचा एक सल्ला: काउंटरवरचं तळलेलं घेऊ नका. श्नित्सेल किंवा तळलेली मासळी दिव्याखाली अर्धा तास राहिली की कोरडी पडते. रश्शाचे पदार्थ, म्हणजे बीन्स, वाटाण्याची भाजी, कोबी, मश्रूम, हे उभे राहिले तरी बिघडत नाहीत, उलट मुरतात. सार्माले, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळून शिजवलेले सारणाचे रोल, तर दुसऱ्या दिवशीच जास्त चांगले लागतात.

आता चोर्बा. इथल्या माणसाचं दुपारचं जेवण चोर्ब्याशिवाय होत नाही आणि कमी पैशात पोट भरण्याचा तोच पाया आहे. चोर्बा म्हणजे आंबट सूप. आंबट नसेल तर त्याला ‘सुपा’ म्हणतात. आंबटपणा लिंबाने, व्हिनेगरने, कोबीच्या लोणच्याच्या पाण्याने किंवा ‘बोर्श’ने येतो. बोर्श म्हणजे गव्हाचा कोंडा पाण्यात आंबवून काढलेलं पाणी. मी पहिल्यांदा त्याचा वास घेतला तेव्हा मला घरच्या आंबिलीची आठवण झाली. वरून लेउश्तेआन नावाचा, सेलरीसारख्या उग्र वासाचा पाला पडतो. एक मोठा वाडगा चोर्बा आणि पाव, एवढ्यावर थंडीतली दुपार सहज निघते. नुसता चोर्बा घेतला तर साधारण 20 ते 28 लेई पडतात.

पण आईंचा प्रश्न इथेच येतो, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. मेनूत ‘चोर्बा दे लेगुमे’ म्हणजे भाज्यांचं सूप दिसलं की ते शाकाहारी असेल असं धरून चालू नका. जवळपास प्रत्येक किचनमध्ये हाडांचा रस्सा उकळत असतो आणि भाज्यांच्या सुपात तोच पडतो. भातसुद्धा कधी त्यातच शिजतो. माझी आई इथे आली होती तेव्हा मी तिला बीन्सचा चोर्बा मागवून दिला. अर्धा वाडगा संपल्यावर तळाशी धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा निघाला. मी स्वयंपाकी असून विचारलं नव्हतं. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर दोन दिवस बाहेर काही खायला तयार नव्हती. म्हणून हा भाग जरा लांबवतो.

‘व्हेजिटेरिआन’ हा शब्द इथे कळतो, पण त्याने काम पुरतं होत नाही. ‘मांस नाही’ एवढाच अर्थ बरेच जण घेतात. त्याहून कितीतरी पक्का शब्द आहे ‘दे पोस्ट’, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी, चीज यांपैकी काहीच चालत नाही. हा शब्द प्रत्येक वाढप्याला, प्रत्येक आज्जीला आणि प्रत्येक बेकरीवाल्याला कळतो, कारण त्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातोय. शाकाहार ही इथे तुमची वैयक्तिक आवड समजली जाते, उपवास हा धर्म. दुसऱ्याच्या उपवासात चूक करायला कोणी धजत नाही.

आणि तुमच्या तारखा बघून मला खरंच बरं वाटलं. नाताळापूर्वीचा मोठा उपवास 15 नोव्हेंबरला सुरू होतो आणि 24 डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे तुमचे सगळे दिवस त्यात येतात. या काळात किचनमध्ये उपवासाचं पातेलं वेगळं चढतं, मेनिउल झिलेईच्या पाटीवर ‘दे पोस्ट’चा पर्याय जास्त ठिकाणी दिसतो आणि दुकानांत तशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. वर्षभर बुधवार-शुक्रवारीही काही लोक पाळतात, पण नोव्हेंबर-डिसेंबरसारखी निवड तेव्हा नसते. एकच सावधगिरी: उपवासात ठरावीक दिवशी मासे खायची मुभा असते, त्यामुळे ‘दे पोस्ट’ म्हणून मासा पुढे येऊ शकतो. म्हणून ‘दे पोस्ट, फारा पेश्ते’ म्हणा, म्हणजे उपवासाचं, मासे नको. विचारायचं वाक्य: ‘आवेत्स चेवा दे पोस्ट?’ म्हणजे उपवासाचं काही आहे का? सुपाबद्दल शंका असेल तर ‘कु वासे?’ एवढं विचारलं तरी पुरे. वासे म्हणजे हाडं.

आईंनी काय खावं? पहिलं नाव फासोले बातुता. पांढरे बीन्स शिजवून, लसूण घालून घोटलेले, वर तेलात परतलेला तांबूस कांदा. पावाबरोबर खाल्लं की जेवल्यासारखं वाटतं, आणि मराठी जिभेला ते परकं लागत नाही. मग सालाता दे विनेते. हे भाजलेल्या वांग्याचं भरीतच आहे. वांगं विस्तवावर भाजतात, साल काढून ठेचतात, कांदा-तेल घालतात. फक्त मिरची-कोथिंबीर नसते. काही ठिकाणी त्यात मेयोनीज मिसळतात आणि त्यात अंडं असतं, म्हणून ‘फारा मायोनेझा’ सांगा. उपवासाचे सार्माले भात आणि मश्रूमचे असतात. मश्रूमचा रस्सा म्हणजे तोकानित्सा दे चुपेर्च. सोबतीला मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. हा पाणी, मीठ आणि पीठ एवढ्यावरच होतो, पण वर लोणी किंवा चीज पडत नाहीये ना, एवढं बघा. उपवास नसलेलं खायचं असेल आणि दूध चालत असेल तर मामालिगा, खारं चीज आणि स्मिन्ताना, म्हणजे घट्ट आंबट साय, हे इथलं घरगुती सुख आहे. मात्र चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असू शकतं. आईंना ते चालतं का, ते निघण्याआधी घरीच ठरवा.

तुमच्यासाठी एवढंच: विता म्हणजे बीफ, पोर्क म्हणजे डुक्कर, पुइ म्हणजे चिकन, कुर्कान म्हणजे टर्की. मिच हे सगळ्यांचं लाडकं स्वस्त खाणं, निखाऱ्यावर भाजलेले बिनसालीचे बोटाएवढे सॉसेज. पण त्यांत बहुधा बीफ असतंच, त्यामुळे तुम्हाला सोडावे लागतील. चोर्बा दे वाकुत्सा बीफचा, चोर्बा दे बुर्ता गाय-बैलाच्या पोटाचा. चोर्बा दे पेरिशुआरेतले गोळेही मिश्र मांसाचे असू शकतात. तुम्ही चोर्बा रादाउत्सेआना मागवा. चिकन, लसूण आणि साय यांचा असतो, आणि थंडीत त्याला तोड नाही. मटण मात्र रोजच्या ताटात क्वचितच दिसतं. कोकराचं मांस ईस्टरला खातात.

बिलाचं गणित बिघडतं ते मेनूकार्ड नीट न वाचल्याने. इथे प्रत्येक पदार्थापुढे वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ 300/150/50 ग्रॅम. ते वाचायची सवय लावा, म्हणजे ताटात किती येणार ते आधीच कळतं. मासे किंवा मोठा मांसाचा तुकडा असेल तर कधीकधी छापलेला भाव 100 ग्रॅमचा असतो आणि ताटात येतो 400 ग्रॅमचा. जुन्या शहरात काम करताना या एका गोष्टीवरून टेबलावर वाद झालेले मी कित्येकदा बघितलेत. दुसरं, मेनूकार्डावरून मागवलं तर मुख्य पदार्थ एकटाच येतो. बटाटे किंवा भात म्हणजे ‘गार्नितुरा’ वेगळी, सॅलड वेगळं, पाव वेगळा, चोर्ब्याबरोबरची साय आणि हिरवी मिरचीसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळी. 40 चं चिकन 75 कधी होतं ते कळत नाही. दुपारच्या मेनूत हे सगळं एकत्र धरलेलं असतं, त्याचा भाव चांगला वाटतो तो यामुळेही. पाणी मागताना ‘आपा प्लाता’ म्हणा. ‘आपा मिनेराला’ म्हटलं की बहुतेक वेळा बुडबुड्यांचं येतं. खोलीवर नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटली भरून निघा.

टिपबद्दल: 2023 पासून कायद्याने टिप बिलावर छापावी लागते. पैसे देण्यापूर्वी शून्य ते 15 टक्क्यांपर्यंतचे पर्याय समोर येतात. बसून जेवलात आणि वागणूक चांगली असेल तर 10 टक्के द्या. ट्रे ढकलायच्या खाणावळीत कोणी अपेक्षा करत नाही.

सकाळी हॉटेलच्या नाश्त्यावर पैसे घालू नका. रस्त्याच्या कडेला खिडकीतून कोव्रिज विकतात: खसखस, तीळ किंवा मीठ लावलेली गरम वळलेली पावाची कडी, चार-पाच लेईला. साधी कोव्रिज आईंनाही बहुतेक ठिकाणी चालेल, ‘दे पोस्ट?’ एवढं विचारून घ्या. शेजारच्या बेकरीत प्लाचिंता मिळते, पातळ पापुद्र्यांची भरलेली. नोव्हेंबरात लाल भोपळ्याची आणि सफरचंदाची असते. ती गोड, दालचिनीची, फार सुरेख.

संध्याकाळसाठी मी तुम्हाला बाजारात पाठवतो. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर उत्तम. नसली तरी सुरी आणि दोन ताटल्या पुरतात. ओबोर हा बुखारेस्टचा सगळ्यात मोठा आणि माझा आवडता बाजार. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे. सकाळी जा. शेतकऱ्यांच्या टेबलांत आणि माल विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या टेबलांत फरक आहे. खऱ्या उत्पादकाकडे त्याचं प्रमाणपत्र असतं आणि त्याच्यापुढे चार-पाचच वस्तू असतात, त्याही थोड्या वेड्यावाकड्या. नोव्हेंबरात केळी आणि चकचकीत टोमॅटो मांडून बसलेला माणूस शेतकरी नाही. या दिवसांत सफरचंदं, अक्रोड, बिही, भोपळा, बीट आणि आख्खे आंबवलेले कोबी यांचा हंगाम असतो. टोमॅटो मात्र उन्हाळ्यातच घ्यावेत. चीजच्या काउंटरवर ‘पोत सा गुस्त?’ विचारा, म्हणजे चाखू का? चिमूटभर तुकडा हातावर देतात, कोणाला राग येत नाही. टेलेमेया हे पाण्यात मुरवलेलं खारं पांढरं चीज गायीचं, मेंढीचं किंवा शेळीचं असतं. उर्दा मऊ, अळणी, आपल्या पनीरच्या चुऱ्याच्या जवळचं. दोनशे ग्रॅम खूप होतं. सुटे पैसे न्या, कार्ड प्रत्येक टेबलावर चालत नाही.

आणि झाकुस्का घ्याच. भाजलेलं वांगं, लाल लांब मिरची, कांदा, टोमॅटो हे सगळं तेलात तासन्‌तास शिजवून बरणीत भरतात. प्रत्येक घरी शरद ऋतूत होतं, जशी आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची होतात. पावाला लावून खातात. बहुतेक बरण्या पूर्ण शाकाहारी असतात, फक्त माशाची झाकुस्काही मिळते, म्हणून लेबलावर ‘पेश्ते’ शब्द नाही ना बघा. एक बरणी, ताजा पाव, सफरचंदं आणि थोडं आंबवलेल्या भाज्यांचं लोणचं, म्हणजे मुरातुरि, एवढ्यात दोघींचं रात्रीचं जेवण 40 लेईच्या आत होतं, आणि बरणी दुसऱ्या दिवसालाही उरते. सुपरमार्केटातून बाटलीबंद पेय घेतलंत तर किमतीवर 50 बानी, म्हणजे अर्धा लेऊ, अनामत लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. नोव्हेंबर 2023 पासून ही पद्धत आहे. बाटली चेपू नका, चेपली की यंत्र घेत नाही.

म्हणजे तुमचा दिवस असा धरा: सकाळी कोव्रिज आणि कॉफी मिळून माणशी 15 ते 20, दुपारी 40 ते 45, संध्याकाळी 20 ते 25. फळं, मधला चहा धरून 90 च्या आसपास. एखाद्या संध्याकाळी जुन्या शहरात बसावंसं वाटलं तर वाचलेले तिथे घाला. तिथलं कारू कु बेरे हे हॉटेल 1879 पासूनचं आहे, आतली रंगीत काच आणि लाकूडकाम आईंना नक्की आवडेल. ते रोजच्या हिशेबात धरू नका, एवढंच.

हा हिशेब कामाच्या दिवसांचा. शनिवार-रविवारी मेनिउल झिलेई बहुतेक ठिकाणी नसतो, कारण ऑफिसातलं गिऱ्हाईकच नसतं. त्या दोन दिवशी दुपारी ट्रे ढकलायची खाणावळ गाठा आणि ती उघडी आहे का हे आदल्या दिवशी बघून ठेवा. तुमच्या मुक्कामातले शेवटचे दोन दिवस, 30 नोव्हेंबरचा संत आंद्रेईचा दिवस आणि 1 डिसेंबरचा राष्ट्रीय दिन, दोन्ही सरकारी सुट्ट्या आहेत. बरीच छोटी किचनं बंद असतात, आमचंही. 29 तारखेलाच पाव, झाकुस्का, फळं आणून ठेवा.

1 डिसेंबरला ठिकठिकाणी मोठ्या कढयांत बीन्स शिजताना दिसतील. तो या दिवसाचा ठरलेला पदार्थ, फासोले कु चोलान. वास लांबून येतो आणि रांगाही लागतात. चोलान म्हणजे डुकराची धुरावलेली तंगडी, ती बीन्सबरोबरच शिजते, त्यामुळे ‘फक्त बीन्स वाढा’ म्हणून आईंसाठी चालणार नाही. गर्दी बघा, ढोल ऐका, आणि आईंसाठी 29 तारखेलाच आणलेला फासोले बातुताचा डबा पिशवीत ठेवा. थंड झाला तरी तो चांगलाच लागतो.